मुंग्या, ऊब आणि 'ची'

ताइ-ची शिकायला लागून महिना-दोन महिने झाले, की बहुतेकांना एक प्रश्न पडतो. हात छातीच्या उंचीवर अलगद धरलेले असतात, गुडघे किंचित वाकलेले, श्वास आपसूक संथ झालेला. आणि तळहात गरम होऊ लागतात. बोटांच्या टोकांना मुंग्या येतात. दोन्ही तळहात समोरासमोर आणले तर मधल्या रिकाम्या जागेत काहीतरी दाटून आल्यासारखे, हातांना हळूच दूर सारत असल्यासारखे वाटते. शिकणारा विचारतो, हीच का ती 'ची', शरीरात वाहते असे मानली जाणारी ऊर्जा? शिक्षक श्रद्धाळू असेल तर हसून 'हो' म्हणतो. संशयी असेल तर 'मनाचे खेळ' म्हणून उडवून लावतो. दोघांनाही प्रश्न संपवण्याची घाई झालेली असते. जे जाणवले ते खरे मानून, त्याचा जो अर्थ लावला जातो तो मात्र वेगळा काढून तपासायचा, असा तिसरा रस्ता आहे. तो थोडा लांबचा आहे, पण पुण्या-मुंबईतही ताइ-चीचे वर्ग चालू असताना आणि त्यांच्या शेजारीच 'ऊर्जा जागवण्या'च्या कार्यशाळांच्या पाट्या लागत असताना त्याच रस्त्याने जायला हवे.

ही विद्या मुळात लढाईची. चीनच्या हेनान प्रांतात चेनच्यागौ नावाचे गाव आहे, चेन घराण्याचे. च्यांग सान-फंग नावाच्या ताओपंथी सिद्धाने साप आणि पक्षी यांची झुंज पाहून ताइ-ची निर्माण केली ही कथा चीनमध्ये घरोघरी माहीत आहे. इतिहासाचे अभ्यासक मात्र सतराव्या शतकातल्या चेन वांग-थिंग या मिंग राजवटीतल्या लष्करी माणसाकडे बोट दाखवतात. एकोणिसाव्या शतकात यांग लु-छान (१७९९–१८७२) याने चेन गावात राहून ती आत्मसात केली आणि पेकिंगला नेली. आज ताइ-ची म्हटल्यावर जी संथ, एका लयीतली, कुठेही न अडखळणारी हालचाल डोळ्यांपुढे येते, तिला वळण दिले ते त्याच्या नातवाने, यांग छंग-फू (१८८३–१९३६) याने. चेन घराण्याच्या पद्धतीत अजूनही मधूनच पाय आपटतो, मूठ झटक्याने सुटते. १९५६ मध्ये चीनच्या सरकारी क्रीडा आयोगाने यांग पद्धतीतून २४ हालचालींचा छोटा क्रम बसवला. पाच-सहा मिनिटांत संपणारा हा क्रम बागाबागांतून पसरला. २०२० मध्ये युनेस्कोने ताइ-चीला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत जागा दिली. योगाला ती चार वर्षे आधी मिळाली होती. हा सारा इतिहास सांगायचे कारण इतकेच, की आपण ज्या संवेदनांबद्दल बोलत आहोत त्यांतल्या बऱ्याचशा या संथपणातूनच येतात, आणि निदान यांग परंपरेत तरी हा आखीव संथपणा काही फार प्राचीन नाही.

संथपणात शरीराचे काय होते? चालताना आपण एका पायावरून दुसऱ्यावर जवळजवळ पडत असतो; वेग आपल्याला सावरतो. ताइ-चीत ती सवलत नाही. गुडघा वाकवून सगळा भार एका पायावर घ्यायचा, दुसरा पाय रिकामा करायचा, तो मांजरासारखा पुढे ठेवायचा आणि मगच भार हळूहळू सरकवायचा. मांडीचे स्नायू थरथरू लागतात ते यामुळे. स्नायूंचे तंतू पाळीपाळीने कामाला लागतात आणि थकवा आला की ती पाळी विस्कळीत होते. 'पायातून ऊर्जा उसळली' म्हणून वर्णन केली जाणारी थरथर पुष्कळदा एवढीच असते. याच वेळी घोटा, गुडघा, कंबर यांच्या सांध्यांतून आणि स्नायूंतून मेंदूकडे स्थितीचे निरोप सतत जात असतात. एरवी हे निरोप आपण ऐकत नाही. इथे गती इतकी कमी असते आणि तोल इतका नाजूक, की ऐकावेच लागतात.

आता तळहात. तळहात आणि तळपाय यांच्या कातडीखाली रोहिणी आणि नीला यांना थेट जोडणाऱ्या बारीक वाहिन्या असतात. शरीराची उष्णता बाहेर टाकायची की राखून ठेवायची हे त्या ठरवतात आणि त्यांच्यावर ताबा असतो तो अनुकंपी मज्जासंस्थेचा, म्हणजे घाबरलो, चिडलो, ताणात असलो की जी जागी होते तिचा. परीक्षेच्या आधी हात गार पडतात ते तिच्यामुळे. उच्छ्वास लांबला, खांदे उतरले, जबडा सैल झाला की तिची पकड सुटते, त्या वाहिन्या उघडतात, तळहातात रक्त येते आणि हात खरोखर गरम होतात. यात भास काही नाही. हात बराच वेळ हृदयाच्या खाली सैल राहिले की नीलांमध्ये रक्त भरते आणि बोटे जड, फुगल्यासारखी वाटतात. सकाळी लांब फिरून येणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. जर्मन मनोविकारतज्ज्ञ योहानेस शुल्त्स यांनी १९३२ मध्ये 'ऑटोजेनिक ट्रेनिंग' नावाची शिथिलीकरणाची पद्धत प्रसिद्ध केली. तिच्या पहिल्या दोन पायऱ्या कोणत्या? हात जड झाल्याची जाणीव आणि हात उबदार झाल्याची जाणीव. चीनमधला अभ्यासक ज्या खुणांना 'ची' हातात उतरल्याच्या म्हणतो त्याच या खुणा. शुल्त्स यांनी त्यांच्यापर्यंत पोहोचायला कोणत्याही ऊर्जेचे नाव घेतले नव्हते.

मुंग्यांची कारणे एकाहून अधिक आहेत आणि शिक्षकाला ती ठाऊक असायला हवीत. एक साधे कारण लक्ष. डाव्या अंगठ्याच्या टोकावर अर्धा मिनिट लक्ष ठेवून पाहा. तिथे आधी काहीच नव्हते, आता काहीतरी चुरचुरते, ठोके जाणवतात. कातडीवरून मेंदूकडे जाणारी कुजबुज चोवीस तास चालू असते, लक्ष दिले की ती ऐकू येते. दुसरे कारण श्वास. 'खोल श्वास घ्या' या सूचनेने उत्साही माणूस गरजेपेक्षा जास्त श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि ओठांभोवती, बोटांत मुंग्या येतात, डोके हलके होते. तिसरे कारण म्हणजे कोपर फार वाकवून धरल्याने दबलेली नस. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट यांनाच मुंग्या येत असतील तर आधी कोपर पाहावे. पहिल्या कारणाचे स्वागत करावे, दुसरे सुधारावे, तिसरे थांबवावे. तिन्हींना 'ची' हे एकच नाव दिले की हा भेद करताच येत नाही. ऊर्जेच्या भाषेवरचा आमचा मुख्य आक्षेप हाच आहे.

हात 'आपोआप' हलल्याच्या अनुभवाकडे तर अधिक बारकाईने पाहायला हवे. दाराच्या चौकटीत उभे राहा. हात सरळ खाली सोडा. मग तळहाताची मागची बाजू चौकटीला लावून हात बाजूने वर उचलायचा असल्यासारखा जोर लावा. चौकट हलणार नाही. मिनिटभर जोर कायम ठेवा, खांदा भरून येईल. आता बाहेर या आणि हात सोडून द्या. क्षणभर काही होत नाही. मग हात वर तरंगू लागतो, कोणीतरी मनगटाला दोरा बांधून उचलल्यासारखा, आणि आपण नुसते बघत राहतो. ऑस्कार कोनश्टाम या जर्मन डॉक्टराने १९१५ मध्ये याची नोंद केली. जोर थांबवल्यानंतरही मज्जासंस्था खांद्याच्या स्नायूला आदेश देत राहते, आणि ते आदेश आपण दिले अशी जाणीव मात्र उमटत नाही. ताइ-चीच्या पहिल्याच हालचालीत दोन्ही हात समोरून वर येतात आणि शिक्षक सांगतो, हात उचलू नका, उचलले जाऊ द्या. मुरलेल्या अभ्यासकाला तसे घडल्यासारखे वाटते. त्याचे आणि चौकटीतल्या हाताचे कारण अगदी एकच आहे असा आमचा दावा नाही. स्वतःच्याच स्नायूने केलेले काम परके वाटू शकते, एवढे मात्र दारातला प्रयोग कोणालाही दाखवून देतो.

मग 'ची'ची भाषा टाकून द्यावी का? नाही. गायन शिकवणारे बुवा 'आवाज नाभीतून काढ' असे सांगतात. नाभीत स्वरयंत्र नाही हे बुवांना आणि शिष्यालाही माहीत असते. पण त्या सूचनेने श्वासपटल खाली जाते, गळ्यावरचा ताण सुटतो आणि स्वर ठरतो. 'ची दानतिएनमध्ये उतरू द्या' ही सूचना नेमके असेच काम करते. दानतिएन म्हणजे बेंबीखाली सुमारे तीन बोटांवर, पोटाच्या आत मानलेले स्थान. ताठ उभ्या माणसाच्या शरीराचा गुरुत्वमध्य साधारण त्याच भागात, माकडहाडाच्या वरच्या हाडासमोर पडतो. लक्ष तिथे नेले की छाती फुगवणे थांबते, पोट श्वासाबरोबर हलते, खांद्यांवरचा भार उतरतो आणि तोल सावरतो. हे सगळे स्नायूंच्या नावांनिशी सांगायला लागले तर शिकणारा विचार करता करता पडेल.

जोडीने करायच्या सरावात, ज्याला तुईशौ म्हणतात, या भाषेचे मोल जास्त कळते. दोघे समोरासमोर उभे राहतात, मनगटाला मनगट टेकवतात आणि एकमेकांचा तोल शोधतात. नवखा माणूस दंडाच्या जोराने ढकलतो. त्याचा जोर खांद्यापाशी थबकतो आणि समोरच्याला तो कुठून येतो आहे हे लगेच समजते. जाणता माणूस जवळपास काहीच करत नाही. त्याच्या मनगटावर टाकलेला जोर कोपर, खांदा, पाठ, कंबर असा कुठेही न अडता टाचेखाली जमिनीत जातो आणि त्याच वाटेने परत येतो. ढकलणाऱ्याला भिंतीवर हात ठेवल्यासारखे वाटते. ज्याच्या शरीरातून हा जोर जातो त्याला तो 'वाहताना' जाणवतो, कारण वाटेतला प्रत्येक सांधा क्रमाने दाबला आणि सोडला जातो. इथे प्रवाह हा शब्द अलंकारिकसुद्धा राहत नाही. बल खरेच एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाते, आणि खांदा आखडला तर खरेच अडते.

अडचण सुरू होते ती हा प्रवाह कातडीबाहेर निघाला म्हणून सांगितले जाते तेव्हा. १९९८ मध्ये 'जामा' या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात एक छोटा प्रयोग छापून आला. तो करणारी एमिली रोझा प्रयोगाच्या वेळी नऊ वर्षांची होती. शाळेच्या विज्ञान प्रकल्पातून तो निघाला होता. रुग्णाच्या अंगाभोवतीचे ऊर्जाक्षेत्र हाताला जाणवते असे मानणाऱ्या 'थेराप्युटिक टच' पद्धतीच्या २१ उपचारकांना तिने पडद्याआड बसवले. त्यांनी पडद्याच्या दोन छिद्रांतून हात बाहेर काढायचे, तळवे वर. एमिली नाणे उडवून ठरवणार आणि त्यांच्या उजव्या किंवा डाव्या तळव्याच्या वर काही अंतरावर आपला हात धरणार. कोणत्या बाजूला हात आहे, एवढेच सांगायचे. २८० वेळांपैकी १२३ उत्तरे बरोबर आली, म्हणजे ४४ टक्के. डोळे मिटून नाणे फेकले असते तरी यापेक्षा बरे जमले असते. हे उपचारक लबाड होते असे मानायचे कारण नाही. त्यांना हातात काहीतरी जाणवतच होते. पण ते पलीकडच्या हातातून येत नव्हते.

चीनने तर या गोंधळाची किंमत देशभर मोजली आहे. 'छीगुंग' या नावाखाली श्वास आणि ध्यानाच्या जुन्या पद्धती १९५०च्या दशकात आरोग्यधामांतून शिकवल्या जाऊ लागल्या. सांस्कृतिक क्रांतीनंतर त्यांना उधाण आले. १९७९ मध्ये सिचुआनच्या एका वृत्तपत्राने कानाने अक्षरे वाचणाऱ्या मुलाची बातमी दिली आणि 'असाधारण शक्तीं'ची लाट उसळली. क्षेपणास्त्र कार्यक्रमाचे जनक छिएन श्वेसन यांच्यासारख्या शास्त्रज्ञाने तिची पाठराखण केली. १९८०च्या दशकात यान शिनसारखे गुरू भरलेल्या सभागृहांत 'ची' सोडत व्याख्याने देत आणि श्रोते रडत, हसत, थरथरत. १९९९ मध्ये फालुन गोंग या छीगुंगमधून निघालेल्या पंथावरच्या बंदीने हे पर्व संपले. तो राजकारणाचा भाग, आणि त्यातल्या दडपशाहीचे समर्थन करता येणार नाही. आपल्या विषयापुरते एवढे पुरे की याच वर्षांत अतिसरावाने मनाचा तोल गेलेले रुग्ण चिनी रुग्णालयांत येऊ लागले होते. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९९४च्या आपल्या वर्गीकरणाच्या परिशिष्टात त्या स्थितीची नोंद घेतली. संवेदना वाढवत नेणे हेच ध्येय ठेवले तर ती वाट कुठे जाते हे तिथे दिसले.

गंमत अशी, की चीनमधल्याच जुन्या आचार्यांना हा धोका पुरता ठाऊक होता. तिएनताइ या बौद्ध संप्रदायाचे आचार्य चियी (५३८–५९७) यांनी ध्यानाला बसणाऱ्यांसाठी लिहिलेल्या मार्गदर्शनात आठ 'स्पर्श' सांगितले आहेत: हलणे, खाज, थंडपणा, ऊब, हलकेपणा, जडपणा, खरखरीतपणा, गुळगुळीतपणा. हजार-दीड हजार वर्षांनंतरही ताइ-चीच्या वर्गातला माणूस याहून फारसे वेगळे काही सांगत नाही. चियी यांची शिकवण अशी की यांतले हितकर कोणते आणि दिशाभूल करणारे कोणते हे ओळखावे आणि कशालाही चिकटून बसू नये.

मराठी वाचकाला हे वर्णन ओळखीचे वाटेल. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनी जागी झाल्यावर शरीरात काय काय घडते याचे वर्णन इतके अंगभर आहे की त्यापुढे ताइ-चीची पुस्तके कोरडी वाटतात. पण इथेच एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. हठयोगात ७२ हजार नाड्या, त्यांत तीन मुख्य, आणि शक्तीचा प्रवास पाठीच्या कण्यातून वर. चिनी परंपरेत १२ नेहमीच्या वाहिन्या आणि आठ विशेष. 'ची' पाठीवरून वर चढते आणि शरीराच्या पुढच्या बाजूने खाली उतरून फेरी पूर्ण करते. दोन्हीकडचे साधक ऊब, मुंग्या, जडपणा, तरंगल्याची भावना सांगतात. आणि प्रत्येकाला ती आपल्या गुरूने आखून दिलेल्या वाटेनेच फिरताना जाणवते. नकाशे जुळत नाहीत, अनुभव जुळतो. यावरून आम्ही काढतो तो निष्कर्ष सरळ आहे: संवेदना देहाची, वाट शिकवणुकीची. 'प्राण म्हणजेच ची' असे सांगून दोन्ही परंपरांना एकाच पिशवीत भरणाऱ्यांनी या न जुळणाऱ्या वाटांचे काय करायचे ते आधी सांगावे.

अनुभव नाकारायचा नाही आणि दावा तपासल्याशिवाय स्वीकारायचा नाही, ही रीत आपल्याला परकी नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले आणि 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. उड्डियान आणि नौली या पोटाच्या योगक्रिया करताना आत काय होते हे त्यांनी क्ष-किरणांखाली पाहिले, आतला दाब मोजला. नौलीत तयार होणाऱ्या पोकळीला त्यांनी आपल्या गुरूंचे, माधवदासांचे नाव दिले. श्रद्धा आणि मोजपट्टी एकाच खोलीत ठेवण्याचा तो नमुना होता.

ताइ-चीच्या बाबतीत मोजपट्टी लावली तेव्हा निघालेले निकाल उत्साहवर्धक आहेत. २०१२ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉन इथला अभ्यास आला. पार्किन्सन्सच्या १९५ रुग्णांचे तीन गट, आठवड्यातून दोनदा, २४ आठवडे. ताइ-ची करणाऱ्यांचा तोल स्नायूबळाचे आणि ताणाचे व्यायाम करणाऱ्या दोन्ही गटांपेक्षा जास्त सुधारला. २०१६ मध्ये गुडघ्याच्या संधिवाताच्या २०४ रुग्णांवरच्या अभ्यासात १२ आठवड्यांच्या ताइ-चीचा परिणाम भौतिकोपचाराच्या तोडीचा दिसला. कॅथरीन कर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवले की मुरलेल्या ताइ-ची अभ्यासकांच्या बोटांच्या टोकांची स्पर्शाची सूक्ष्मता इतरांपेक्षा अधिक असते. मुळात तीक्ष्ण स्पर्श असलेलेच ताइ-चीकडे वळतात, ही शक्यता त्यातून पुरती बाद होत नाही. तरी वर्षानुवर्षे बोटांकडे लक्ष दिल्याने बोटे अधिक बोलू लागतात, हा अंदाज वाजवी आहे. यांतल्या कोणत्याही अभ्यासात 'ची' मोजलेली नाही. फायदा दिसण्यासाठी ती मोजावी लागलीही नाही.

तेव्हा शिक्षकांना आमची विनंती आहे. विद्यार्थी हातातल्या उबेबद्दल विचारील तेव्हा त्याला आनंदाने 'छान, शिथिल होतो आहेस' म्हणा, आणि मग गुडघा पायाच्या अंगठ्याच्या रेषेत आहे का ते पाहा. ताइ-चीत दुखापत होते ती बहुतेक पिळलेल्या गुडघ्याची. ज्याला दोन वर्षांत काहीच जाणवले नाही पण जो जिना आता कठड्याला न धरता उतरतो, त्याची प्रगती कमी लेखू नका. दूरवरून ऊर्जा पाठवण्याचे पैसे घेणाऱ्या कार्यशाळेला जाण्याआधी पडदा, दोन छिद्रे आणि एक नाणे आठवावे.

आणि शिकणाऱ्यांसाठी एक सूचना, जी वर्गात क्वचितच दिली जाते. सरावात आलेल्या मुंग्या सराव संपल्यावर थोड्या वेळात जायला हव्यात. त्या दिवसभर राहत असतील, रात्री अंथरुणात तळपायांची आग होत असेल, चप्पल पायातून निसटलेली कळत नसेल तर रक्तातली साखर तपासून घ्या. एकाच बाजूचा हात किंवा चेहरा अचानक बधिर झाला, बोलताना जीभ अडखळली, छातीवर दडपण आले तर त्याच क्षणी थांबा आणि रुग्णालय गाठा. त्याला 'ची मोकळी होते आहे' असे कोणी म्हणत असेल, तर तो शिक्षक बदला.